गैरसमज फिटला, क्षमेचं काय?

पनवेलहून रोह्याकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर, पाताळगंगेच्या खोऱ्यात, आपटा नावाचं छोटं स्थानक आहे. ऑक्टोबर १९९५मध्ये प्रदर्शित झालेल्या 'दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे'चा शेवट इथे चित्रित झाला. पडद्यावर ते पंजाबातलं स्थानक म्हणून दिसतं. प्रत्यक्षात तो रायगड जिल्ह्यातल्या पनवेल तालुक्यातला फलाट आहे. सुटलेली गाडी, डब्याच्या दारात जखमी राज, बापाच्या मुठीत मनगट अडकलेली सिमरन, आणि अखेर ती मूठ उघडणारा बलदेव सिंग. मुंबईच्या मराठा मंदिरात हा चित्रपट डिसेंबर २०१४मध्ये हजार आठवड्यांचा झाला आणि दूरचित्रवाणीवर तर तो किती वेळा लागला याला गणतीच नाही. क्षमेचं इतक्या लोकांनी इतक्या वेळा पाहिलेलं दृश्य आपल्याकडे क्वचितच दुसरं असेल. पण या दृश्यात कोण कोणाला क्षमा करतं, हे नीट तपासलं तर हिशेब अर्धाच पुरा झालेला दिसतो. राज खरी ओळख लपवून सिमरनच्या घरात वावरला होता. ते उघड झाल्यावर त्याची कबुली त्याने स्वतःच्या तोंडाने दिली, पळून जायला नकार दिला, आणि म्हणून त्याला मिळालेली क्षमा कमावलेली वाटते. बलदेवने मात्र मुलीला न विचारता तिचं लग्न ठरवलं होतं. त्याबद्दल तो एक शब्दही बोलत नाही. मूठ उघडते आणि तेवढ्यावर त्याची बाजू मिटते. पडद्यावरच्या क्षमेची ही जुनी सवय आहे: अडथळा दूर झाला की अन्यायही मिटला असं समजायचं.

चित्रपटात ही सवय काही मिनिटांत येऊन जाते. दैनंदिन मालिकेत ती वर्षानुवर्षं चालते, म्हणून तिचा स्वभाव तिथे जास्त स्वच्छ दिसतो. यासाठी स्टार प्रवाहवर २०१९ ते २०२३ या काळात चाललेली 'रंग माझा वेगळा' ही मालिका घेऊ. दीपा (रेश्मा शिंदे) सावळी, साध्या घरातली, डॉ. कार्तिक इनामदार (आशुतोष गोखले) श्रीमंत घरातला. कार्तिकची आई सौंदर्या (हर्षदा खानविलकर) हिला गोऱ्या रंगाचं अतोनात वेड. तिचा विरोध पत्करून दोघांचं लग्न होतं. पुढे एका कारस्थानातून खोटा वैद्यकीय अहवाल तयार होतो आणि आपण बाप होऊ शकत नाही, असं कार्तिकच्या मनात पक्कं बसतं. दीपा गरोदर राहते तेव्हा त्या अहवालाच्या आधाराने तो तिच्या चारित्र्यावर संशय घेतो. दीपाला घर सोडावं लागतं, जुळ्या मुली होतात, एक आईकडे वाढते आणि दुसरी इनामदारांच्या घरात. ही कथा मूळची 'करुत्तमुत्तु' या मल्याळम मालिकेची. तेलुगू आणि कन्नडमध्येही तिची रूपं लोकप्रिय झाली. एकच कथा इतक्या भाषांतल्या प्रेक्षकांना आपली वाटते, याचा अर्थ तिने आपल्या घरांतल्या एका खऱ्या दुखण्यावर बोट ठेवलेलं आहे.

या कथेत दोन वेगळ्या गोष्टी घडल्या आहेत आणि माझं सगळं म्हणणं त्या वेगळ्या ठेवण्यावर उभं आहे. पहिली गोष्ट म्हणजे गैरसमज: खोटा कागद खरा मानला गेला. त्याचा दोष तो कागद बनवणाऱ्याचा. दुसरी गोष्ट म्हणजे अविश्वास: त्या कागदापुढे बायकोच्या शब्दाला किंमत उरली नाही. हा दोष कोणा कारस्थानी बाईचा नाही, तो कार्तिकचा आहे. सत्य बाहेर आलं की पहिली गोष्ट आपोआप मिटते, कारण चुकीच्या माहितीवर योग्य माहिती हाच इलाज असतो. दुसरी मात्र सत्य बाहेर आल्यावर उलट अधिक टोचते. ती खरं बोलत होती हे आता सिद्ध झालं. म्हणजे तेव्हाही ती खरंच बोलत होती आणि तेव्हा ते ऐकलं गेलं नाही. खुलासा, क्षमा आणि समेट ही तीन वेगवेगळी कामं आहेत. खुलासा पुराव्याने होतो आणि तो भूतकाळाबद्दल असतो. क्षमा दुखावलेल्या माणसाच्या मनात होते आणि ती दुखावणाऱ्याने केलेल्या कृत्याबद्दल असते. समेट दोघांनी मिळून करायचा असतो आणि तो उद्याबद्दल असतो. आपल्या मालिका पहिलं काम पार पाडतात आणि उरलेली दोन झाल्याचं जाहीर करून टाकतात. खलनायिका उघडी पडते, सगळे रडतात, आरतीचं ताट येतं. ज्याने ऐकलं नाही, त्याने 'मी ऐकलं नाही' एवढंच कबूल करायचं राहून जातं.

दोष बाहेरच्या कोणावर तरी ढकलण्याची ही युक्ती आजची नाही. महाभारताच्या आदिपर्वात शकुंतला मुलाला घेऊन राजसभेत येते, तेव्हा दुष्यंताला सगळं आठवत असतं. तरीही तो तिला ओळख देत नाही. आकाशवाणी झाल्यावर तो सांगतो की केवळ तिच्या शब्दावर मुलाला स्वीकारलं असतं तर लोकांनी संशय घेतला असता. आणि वर, रागाच्या भरात ती जे कठोर बोलली त्याबद्दल आपण तिला क्षमा केली, असंही म्हणतो. ज्याने अपमान केला तोच क्षमा करणारा झाला! कालिदासाला असा नायक नको होता. त्याने दुर्वासाचा शाप आणला, हरवलेली अंगठी आणली, आणि दुष्यंताचा नकार विस्मृतीतून आलेला दाखवला. नायक निर्दोष ठरला. इथवर कालिदासही आजच्या मालिकालेखकाच्याच वाटेने गेला, असं म्हणता येईल. पण पुढे त्याने जो क्रम लावला तो बघण्यासारखा आहे. अंगठी सापडल्यावर दुष्यंताला आठवण येते, शापाची मात्र त्याला काहीच कल्पना नसते. सहाव्या अंकात तो स्वतःलाच दोषी मानून पोळत राहतो. सातव्या अंकात शकुंतला समोर येते तेव्हा तो तिच्या पायाशी वाकतो. शाप होता, तुझा दोष नव्हता, हे मारीच ऋषी त्याला सांगतात ते त्यानंतर. आधी पश्चात्ताप, मग क्षमायाचना आणि सगळ्यात शेवटी खुलासा. सुटका मिळणार आहे हे माहीत नसताना मागितलेली ती क्षमा आहे, म्हणून तिला वजन आहे. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८०मध्ये 'संगीत शाकुंतल' रंगभूमीवर आणलं आणि मराठी संगीत नाटकाची परंपरा याच कथेपासून सुरू झाली. आज आपण तो क्रम उलटा केला आहे. खुलासा आधी येतो, त्यामुळे क्षमा मागायची वेळच उरत नाही.

इथे पहिला आक्षेप येईल तो कलेच्या बाजूने. नवरा-बायको समोरासमोर बसून नीट बोलले तर कथा तिथेच संपेल. नाट्य हवं तर गैरसमज हवा आणि तो टिकवायला खलनायिका हवी. यातला पहिला भाग खरा आहे, दुसरा नाही. गोविंद बल्लाळ देवलांचं 'संगीत संशयकल्लोळ' १९१६मध्ये रंगभूमीवर आलं. त्याचा सगळा डोलारा दांपत्याच्या संशयावर उभा आहे आणि त्यात खलनायक औषधालाही नाही. फाल्गुनराव चक्कर आलेल्या रेवतीला सावरतो आणि नेमकं तेवढंच त्याच्या बायकोला, कृत्तिकेला दिसतं. रेवतीच्या हातून पडलेली अश्विनशेठची तसबीर कृत्तिका उचलते आणि ती तिच्या हातात असलेली फाल्गुनरावाला दिसते. प्रत्येकाने अर्धं पाहिलं आणि उरलेलं अर्धं स्वतःच्या स्वभावातून भरलं. मूळ कल्पना फ्रेंच आणि इंग्रजी रंगभूमीवरून आलेली असली, तरी देवलांनी ती अस्सल मराठी घरात रुजवली. शतकाहून अधिक काळ हे नाटक ताजं राहिलं, कारण त्यात संशयाचं मूळ माणसाच्या आतच आहे. कारस्थान नसेल तर नाट्य कमी पडतं ही समजूत या एका नाटकाने खोडून काढली आहे. उलट, दोष आत असला की शेवटी पात्राला स्वतःकडे बघावं लागतं, आणि बदलणारं पात्र हेच तर नाट्याचं खरं भांडवल असतं.

दोष आत असतो म्हणजे माणूस दुष्ट असतो असं नाही. एकमेकांना चुकीचं समजणं हा मनाच्या घडणीचाच भाग आहे आणि त्याचे पुरावे भक्कम आहेत. १९९०मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात एलिझाबेथ न्यूटन यांनी एक साधा प्रयोग केला. काही जणांनी ओळखीच्या गाण्याची चाल टेबलावर बोटांनी वाजवायची आणि समोरच्याने गाणं ओळखायचं. निम्मी गाणी तरी ओळखली जातील, असा वाजवणाऱ्यांचा अंदाज होता. प्रत्यक्षात १२० पैकी फक्त ३ ओळखली गेली. वाजवणाऱ्याच्या डोक्यात अख्खं गाणं चालू असतं, ऐकणाऱ्याला मात्र नुसती टकटक ऐकू येते. आपल्या मनातलं समोरच्याला ऐकू जातंय असं आपल्याला वाटत राहतं, हा भ्रम यातून उघड झाला. जवळच्या माणसांत तरी हा भ्रम कमी असेल, असं वाटणं साहजिक आहे. पण केनेथ सॅवित्स्की, बोआझ कैसर, निकोलस एप्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११मध्ये याच्या उलट निष्कर्ष मांडला. पाठीला पाठ लावून बसलेल्या नवरा-बायकोने एकमेकांच्या मोघम वाक्यांचा अर्थ लावायचा होता. अनोळखी माणसांपेक्षा त्यांना तो अधिक बरोबर लावता आला नाही. आपला जोडीदार आपल्याला समजून घेईल याचा भरवसा मात्र वाजवीपेक्षा जास्त होता. जवळीक वाढली की विचारून खात्री करण्याची गरज वाटेनाशी होते, म्हणून जवळच्या नात्यात गैरसमज फावतो. स्टार प्रवाहवर डिसेंबर २०२२मध्ये सुरू झालेल्या 'ठरलं तर मग'मधले अर्जुन आणि सायली करारापुरतं लग्न करतात, प्रेमात पडतात आणि तरी ते एकमेकांना सांगायला त्यांना किती काळ लागतो! प्रेक्षक वैतागतात, पण ही अडचण खोटी नाही. दोघांच्या मनात गाणं चालू आहे आणि दोघांनाही वाटतंय की ते दुसऱ्याला ऐकू येतंय.

तेव्हा गैरसमज होणं हा अपराध नव्हे. गैरसमज झाल्यावर न विचारणं, विचारलं तर उत्तर न ऐकणं आणि ऐकण्याआधीच निकाल देणं, हा अपराध आहे. क्षमा करायची तर ती याला. फ्रँक फिंचम आणि टॉमस ब्रॅडबरी यांनी १९९०मध्ये विवाहावरच्या अनेक अभ्यासांचा आढावा घेतला. नात्यात खूश नसलेली माणसं जोडीदाराच्या वाईट वागण्याचं कारण त्याच्या स्वभावात शोधतात आणि चांगल्या वागण्याचं श्रेय परिस्थितीला देतात, असं त्यातून दिसलं. उशीर झाला तर 'तो आहेच बेफिकीर', आणि वेळेवर आला तर 'आज गाडी वेळेवर असेल'. एकदा ही दिशा पकडली की प्रत्येक नवी घटना आधीच ठरलेल्या निकालाचा पुरावा होते. 'रंग माझा वेगळा'च्या कथेत याच्याही खाली एक थर आहे. दीपाच्या रंगावरून तिला आधीच कमी लेखलेलं होतं. ज्या घरात एखाद्या माणसाला स्वतःची लायकी रोज सिद्ध करावी लागते, तिथे त्याच्यावर आळ आला की निर्दोषपण सिद्ध करण्याचं ओझंही त्याच्यावरच येतं. कोणाचं बोलणं पटकन खरं मानलं जातं आणि कोणाला कागद दाखवावा लागतो, हे घरातल्या प्रतिष्ठेवर ठरतं. सून, गरीब घरातली, सावळी: तिचा शब्द तीनदा हलका झालेला. म्हणून पुराव्याने तिची सुटका करणारा शेवट मला अपुरा वाटतो. पुरावा मिळाला नसता तर काय, हा प्रश्न त्याने टाळलेला असतो. बायकोवर विश्वास ठेवायला प्रयोगशाळेचा शिक्का लागला, ही गोष्टच मुळात क्षमा मागण्याजोगी आहे.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा आहे आणि तो मी गंभीरपणे घेते. मालिका आठवड्याला पाच-सहा, कधी सात दिवस चालते. दर आठवड्याच्या टीआरपीवर तिचं आयुष्य ठरतं. अनेकदा लेखक आदल्या दिवशी लिहितो आणि दुसऱ्या दिवशी चित्रीकरण होतं. अशा घाईत पात्रांच्या मनाचा सूक्ष्म प्रवास दाखवायला उसंत कुठे? अडचण खरी आहे, पण ती ओलांडलेली उदाहरणं मराठीतच आहेत. झी मराठीवर २०१२मध्ये आलेली, सतीश राजवाडे दिग्दर्शित 'एका लग्नाची दुसरी गोष्ट' घ्या. घना आणि राधा (स्वप्नील जोशी आणि मुक्ता बर्वे) आपापल्या सोयीसाठी करार करून लग्न करतात आणि दोन्ही घरांना अंधारात ठेवतात. लबाडी त्यांची स्वतःची, त्यामुळे ती उघड झाल्यावर बोट दाखवायला तिसरं कोणी नसतं. घरच्यांची नजर झेलायची ती दोघांनीच. मालिका वर्षभराच्या आत संपली, आणि तरी, किंबहुना म्हणूनच, ती लोकांच्या आठवणीत राहिली. म्हणजे रोजच्या मालिकेच्या चौकटीतही दोष नायक-नायिकेच्या पदरात ठेवता येतो. त्यासाठी कथा अनंत ताणायचा मोह तेवढा सोडावा लागतो.

दुसरं उदाहरण याहून मोलाचं आहे. 'आई कुठे काय करते' ही मालिका डिसेंबर २०१९ ते नोव्हेंबर २०२४ अशी पाच वर्षं चालली. तिचं मूळ 'श्रीमोयी' या बंगाली मालिकेत. अरुंधतीच्या (मधुराणी प्रभुलकर) लग्नाला पंचवीस वर्षं होत असताना नवऱ्याचे, अनिरुद्धचे (मिलिंद गवळी), संजनाशी असलेले संबंध तिच्यासमोर येतात. इथे गैरसमज मुळीच नाही. जे समजलं ते खरंच आहे, त्यामुळे खुलाशाने काही मिटण्यासारखं नाही. अशा वेळी मराठी मालिकेत पूर्वापार एकच मार्ग असायचा: नवरा परत आला की बायकोने मागचं विसरावं. अरुंधती घटस्फोट घेते, सासू-सासऱ्यांशी आणि मुलांशी नातं टिकवते, अनिरुद्धशीही माणूसपणाने वागते, पण त्याच्या संसारात परत जात नाही. पुढे आशुतोष नावाच्या दुसऱ्या माणसाशी लग्न करते. मनातला डंख काढून टाकणं एक आणि पुन्हा त्याच जागी जाऊन बसणं दुसरं, हे या मालिकेने लाखो घरांत रोज संध्याकाळी दाखवलं. रॉबर्ट एनराइट आणि एव्हरेट वर्दिंग्टन हे क्षमेचा दीर्घकाळ अभ्यास करणारे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ हाच फरक आग्रहाने सांगत आले आहेत: क्षमा एकट्याने करता येते, समेटाला दोघे लागतात.

आपल्या कायद्यानेही या फरकावर विचार केलेला आहे, आणि तो पुण्यातल्या एका दांपत्याच्या निमित्ताने. हिंदू विवाह कायदा, १९५५ याच्या कलम २३नुसार, जोडीदाराची क्रूरता एकदा क्षमा केली असेल तर तिच्या आधारावर नंतर घटस्फोट किंवा विभक्तता मागता येत नाही. पण क्षमा केली हे ओळखायचं कसं? १९ मार्च १९७५ रोजी दास्ताने खटल्याच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने याचं उत्तर दिलं. निकालपत्र लिहिलं होतं न्यायमूर्ती यशवंत विष्णू चंद्रचूड यांनी. त्यांनी क्षमेची दोन अंगं सांगितली: अपराध माफ करणं आणि अपराध्याला त्याच्या पूर्वीच्या स्थानी पुन्हा बसवणं. शिवाय अशी क्षमा बिनशर्त नसते. अपराध पुन्हा होणार नाही ही अट तिच्यात गृहीत असते. क्रूरता झाली होती, पण त्यानंतर पतीपत्नी एकत्र नांदले, म्हणून ती क्षमा झाल्याचं न्यायालयाने मानलं. कायद्याला मनात शिरता येत नाही, तो वागण्यावरून निष्कर्ष काढणार. त्याची मर्यादा आपण समजू शकतो. एकत्र राहणं म्हणजे दर वेळी क्षमा नसते, कित्येकदा ती नुसती निरुपायाची तडजोड असते. पण क्षमेला अट असते आणि ती भविष्याशी बांधलेली असते, हा या निकालातला विचार आपल्या मालिकांच्या शेवटच्या आठवड्यांपेक्षा कितीतरी प्रौढ आहे.

तिसरा आक्षेप संस्कृतीचा. आपल्याकडे नवरा-बायको 'मला क्षमा कर' असं बोलत नाहीत. माफी कृतीतून मागितली जाते. भांडणानंतर न सांगता केलेला चहा, तिच्या माहेरच्या कार्याला आवर्जून जाणं, त्याच्या आवडीची भाजी. शब्दांचा आग्रह हा बाहेरून आलेला आहे, असं म्हणणारे पुष्कळ आहेत. रोजच्या कुरबुरींपुरतं हे मला पूर्ण मान्य आहे. कशाबद्दलची माफी आहे हे दोघांना ठाऊक असतं, तेव्हा चहाचा कप पुरेसा बोलतो. पण चारित्र्यावर संशय घेतला, सगळ्यांदेखत खोटं ठरवलं, वर्षानुवर्षं ऐकून घेतलं नाही, अशा जखमेला मुकी कृती पुरत नाही. कारण इथे चूक नेमकी कोणती होती यावरच दोघांचं एकमत झालेलं नसतं. त्याला वाटतं, 'मला फसवलं गेलं.' तिला वाटतं, 'तू मला विचारलं नाहीस.' तो मुकाट्याने फुलं आणील तर ती कशाची आहेत? रॉय लेविकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत माफीचे सहा घटक तपासले: खंत, कारण सांगणं, जबाबदारी घेणं, पुन्हा न करण्याची ग्वाही, भरपाई आणि क्षमेची विनंती. लोकांना सर्वांत महत्त्वाची वाटली ती 'चूक माझी होती' ही जबाबदारीची कबुली. सर्वांत कमी महत्त्वाची ठरली ती 'मला क्षमा कर' ही विनंती. म्हणजे आपल्याकडे जे शब्द जड जातात ते नसले तरी चालतं. पण चूक नेमकी कोणती आणि ती कोणाची, हे मात्र बोलावंच लागतं.

चौथा आक्षेप उलट्या बाजूचा, आणि तो सर्वांत जुना. क्षमा हा सज्जनांचा दागिना आहे, मग इतका हिशेब कशाला? मनाने मोठं व्हावं आणि सोडून द्यावं. या आक्षेपाला उत्तर दिलं आहे ते आपल्या परंपरेतल्याच एका पत्नीने, पतीशी बोलताना. महाभारताच्या वनपर्वात, द्यूतात सर्वस्व गेल्यावर, द्रौपदी युधिष्ठिराशी क्षमेवरून वाद घालते. ती प्रल्हाद आणि बळी यांच्या संवादाचा दाखला देते: सदैव क्रोध चांगला नाही, तशी सदैव क्षमाही चांगली नाही, अजाणता झालेली चूक आणि पहिला अपराध क्षम्य, पण जाणूनबुजून पुन्हा केलेला अपराध क्षम्य नाही. युधिष्ठिराला ते पटत नाही, उत्तरात तो क्षमेची थोरवी गातो, आणि व्यासांनी हा वाद मिटवून टाकलेला नाही, हे किती चांगलं आहे! जेम्स मॅकनल्टी यांनी २०११मध्ये नवविवाहित जोडप्यांच्या पहिल्या चार वर्षांचा अभ्यास मांडला, तो द्रौपदीच्या बाजूचा आहे. ज्यांचे जोडीदार अधिक क्षमाशील होते, त्यांची मानसिक आणि शारीरिक आक्रमकता चार वर्षांत तशीच टिकून राहिली. कमी क्षमाशील जोडीदार असलेल्यांची ती घटत गेली. किंमत न मोजता मिळालेली क्षमा दुखावणाऱ्याला काहीच शिकवत नाही. मालिकांत ही किंमत न मोजणारा बहुतेकदा नवरा असतो आणि मोठ्या मनाची अपेक्षा बायकोकडून असते, म्हणून हा प्रश्न नुसत्या कथारचनेचा नाही, न्यायाचा आहे.

शेवटी कोणी म्हणेल, मालिकाच ती. प्रेक्षकांना खरं-खोटं कळतं. कळतं हे खरं, पण गोष्टींचा परिणाम त्यांना खरं मानण्यावर अवलंबून नसतो. रॉबर्ट जेन्सन आणि एमिली ऑस्टर या अर्थतज्ज्ञांनी २००९मध्ये गोव्यासह भारताच्या पाच राज्यांतल्या कुटुंबांचा अभ्यास प्रसिद्ध केला. खेड्यात केबल टीव्ही आल्यावर नवऱ्याने बायकोला मारणं योग्य मानण्याचं प्रमाण घटलं, मुलगाच हवा हा आग्रहही कमी झाला, असं त्यात आढळलं. वेगळ्या तऱ्हेने जगता येतं, हे पडद्यावर दिसलं की घरातलं बोलणं बदलतं. ज्या माध्यमात एवढी ताकद आहे, त्याच्याकडून जास्त मागणं हा त्याचा सन्मानच आहे. आई-वडिलांमधला समेट बहुतेकांनी कधी पाहिलेला नसतो. तो बंद दाराआड होतो किंवा होतच नाही. नवरा चूक कशी कबूल करतो, बायको 'मी तुला क्षमा केली आहे, पण मला वेळ हवा' असं कसं म्हणते, याचा नमुना डोळ्यांसमोर येतो तो बहुधा मालिकेतच. तो नमुना अपुरा असेल तर प्रत्यक्ष वेळ आल्यावर माणसांना शब्द सापडत नाहीत आणि 'आता झालं ना सगळं उघड, मग विसर की' एवढंच हाती राहतं.

म्हणून लेखकांकडे माझं मागणं छोटं आणि नेमकं आहे. खलनायिका उघडी पडली त्या भागावर शेवट करू नका. तिथून पुढे आणखी काही भाग लिहा. त्यात ज्याने ऐकलं नाही त्याला, खोटा कागद आणि तो बनवणारी बाई यांचं नाव न घेता, स्वतःने काय केलं ते सांगू द्या. दुखावलेलीला राग येऊ द्या, वेळ मागू द्या, अट घालू द्या, नको तर परत न येऊ द्या. आणि ती परत आली तर त्या घरात काय बदललं ते दाखवा: पुढच्या वेळी संशय आला तेव्हा त्याने आधी तिलाच विचारलं का? नाट्य यात कमी नाही. माणूस स्वतःचा बचाव सोडून देतो त्या क्षणाइतकं अवघड आणि बघण्याजोगं दुसरं काय असतं! प्रेक्षकांनीही शेवटाच्या रडारडीत हरवून न जाता खुलासा झाला का, क्षमा मागितली गेली का आणि पुढचं वागणं बदललं का, हे तीन प्रश्न सुटे करून विचारावेत. पहिल्याचं उत्तर कारस्थान करणारा देतो, दुसऱ्याचं आणि तिसऱ्याचं मात्र नवऱ्या-बायकोलाच द्यावं लागतं. आणि संसार त्या दोन उत्तरांवर चालतो.